खरखर कोठून येते? घरच्या घरी बिनतारी व्यत्ययाचा शोध

पनवेलच्या खांदा कॉलनीतील एका इमारतीत घडलेली ही हकीकत आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरी रोज सायंकाळी साडेसातच्या सुमारास दोन तक्रारी सुरू होत. आजोबांच्या ट्रान्झिस्टरवर मध्यम लहरींच्या पट्ट्यात इतकी खरखर होई की बातम्यांतला एक शब्द कळत नसे. त्याच वेळी दहावीतल्या नातीची ऑनलाईन शिकवणी अडकत असे. बाई फळ्यावर काय लिहीत आहेत ते दिसायचे थांबे आणि आवाज तुटे.

खालच्या मजल्यावर नुकतीच मायक्रोवेव्ह भट्टी आली होती. साहजिकच संशय तिच्यावर गेला. जिन्यात बोलाचाली झाली, दोन घरांचे येणेजाणे थांबले. नातीने मला विचारले, "सर, भट्टीमुळेच हे होते, हे सिद्ध कसे करायचे?" मी म्हणालो, "सिद्ध नंतर करू. आधी शोधू."

हा शोध आम्ही कोणत्या साधनांनी घेतला? एक बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर, एक मोबाईल फोन, एक राउटरची केबल, एक घड्याळ आणि एक वही. बहुतेक घरांत यांतले बरेचसे असतेच. नसेल तर काही शे रुपयांत भागते.

दोन आजार, दोन पट्टे

प्रथम एक गोष्ट नीट समजून घ्या. रेडिओ आणि वायफाय दोन्ही विद्युतचुंबकीय तरंगांवर चालतात, पण त्यांची वारंवारता अगदी वेगळी असते. मध्यम लहरींचा पट्टा साधारण ५३० ते १६०० किलोहर्ट्झचा. घरचे वायफाय बहुधा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असते. तरंगलांबी काढण्याची सोपी रीत अशी: ३०० ला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागा, उत्तर मीटरमध्ये येईल. १ मेगाहर्ट्झची लहर ३०० मीटर लांब, तर २४५० मेगाहर्ट्झची जेमतेम १२ सेंटिमीटर!

म्हणून ट्रान्झिस्टरवर खरखर ऐकू आली म्हणजे तेच कारण वायफायलाही छळते, असे म्हणता येत नाही. दोन गोष्टी एका वेळी घडतात एवढ्यावरून त्यांचे कारण एकच ठरत नाही. आम्ही वहीची दोन पाने केली, एक रेडिओचे आणि एक वायफायचे.

पहिले पान: ट्रान्झिस्टर

विजेची ठिणगी पडते तेव्हा फार मोठ्या पट्ट्यात तरंग बाहेर पडतात. जर्मनीत हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८७ च्या सुमारास विद्युतचुंबकीय तरंग प्रथम निर्माण केले ते ठिणगीनेच. तुमच्या घरातील मिक्सरच्या मोटरचे ब्रश, सैल झालेला सॉकेट, दूरवर चमकणारी वीज, खांदेश्वर स्थानकावरून जाणाऱ्या लोकलचा पँटोग्राफ २५,००० व्होल्टच्या तारेवरून क्षणभर सुटला तर पडणारी ठिणगी, हे सर्व छोटेमोठे प्रक्षेपकच होत. याखेरीज एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, इंडक्शन शेगडी यांतील मंडले वीजप्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. त्यांचा गोंगाटही मध्यम लहरींत उतरतो. हलक्या प्रतीच्या दिव्यांत तो अडविणारे घटक वगळलेले असतात.

आता प्रयोग. ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर लावा आणि काटा जेथे कोणतेही केंद्र लागत नाही अशा जागी आणा. आवाज बेताचा ठेवा. घरातून हळूहळू फिरा. खरखर कोठे वाढते, कोठे कमी होते, तिचा सूर कसा आहे, हे लिहा. सलग 'घर्र' असा आवाज बहुधा दिव्याच्या किंवा चार्जरच्या मंडलाचा असतो. मध्येच होणारी अनियमित 'कडकड' ठिणगीची खूण असू शकते.

ट्रान्झिस्टरच्या आत फेराईटच्या दांडीवर गुंडाळलेले वेटोळे असते. या दांडीचे टोक तरंगांच्या उगमाकडे वळले की आवाज सर्वांत कमी होतो. एखादे केंद्र लावून ट्रान्झिस्टर आडवा फिरवा, हे लगेच कळेल. मोकळ्या मैदानात दोन ठिकाणांहून अशा दिशा काढून नकाशावर रेषा मारल्या, तर त्या जेथे छेदतील तेथे उगम सापडतो. घरात मात्र ही युक्ती फसते, कारण भिंतीतल्या तारा स्वतःच एरियल बनून गोंगाट सर्वत्र पसरवितात. तेथे दुसरा उपाय करावा: एकेक उपकरण बंद करून पाहणे. त्यानेही पत्ता लागला नाही, तर मोठ्या माणसांच्या हातून एकेक एमसीबी बंद करून पाहावा. ट्रान्झिस्टर बॅटरीवर चालत असल्याने वीज गेली तरी तो ऐकतच राहतो. म्हणूनच तो येथे उपयोगी. सर्व वीज बंद करूनही खरखर राहिली, तर उगम घराबाहेर आहे.

आम्ही तीन सायंकाळी नोंदी केल्या. जिन्याजवळचा दिवा लागला की 'घर्र' सुरू होई. दिवा बदलल्यावर ती गेली. पण 'कडकड' उरलीच. वहीत पाहिले, तर ती नेमकी नातीचा भाऊ दुसऱ्या दिवशीच्या कपड्यांना इस्त्री करी त्या वेळची होती.

आता विचार करा. साध्या इस्त्रीत काय असते? तापणारी तार आणि तापमान राखणारा एक खटका. खटका उघडता-मिटताना एखादी 'टक' ऐकू येईल, सतत कडकड होणार नाही. आम्ही तीच इस्त्री दुसऱ्या सॉकेटवर लावली. ट्रान्झिस्टर गप्प! म्हणजे दोष इस्त्रीत नव्हता, सॉकेटमध्ये होता. इलेक्ट्रिशियनला बोलावून बोर्ड उघडला, तेव्हा एक स्क्रू सैल होता आणि तारेचे वेष्टण तपकिरी पडले होते. सैल जोडातून मोठा प्रवाह गेला की ठिणग्या पडतात, जोड तापतो, आणि पुढे आग लागू शकते. आजोबा म्हणाले, "खरखरीला आम्ही शिव्या देत होतो, ती तर बिचारी सावध करत होती."

येथे एक कडक सूचना: सॉकेट, बोर्ड किंवा कोणतेही उपकरण तुम्ही स्वतः उघडू नका. तुमचे काम ऐकण्याचे आणि लिहिण्याचे.

दुसरे पान: वायफाय

प्रथम हा दोष बिनतारी भागात आहे की नाही, हे ठरवावे. संगणक केबलने राउटरला जोडा. तरीही शिकवणी अडकली, तर दोष बाहेरून येणाऱ्या जोडणीत असण्याचा संभव अधिक. केबलवर सुरळीत आणि वायफायवर अडखळत असेल, तरच पुढे जा. आमच्या बाबतीत केबलवर काम सुरळीत चालले.

नंतर अँड्रॉइड फोनवर वायफायची शक्ती दाखविणारे एखादे मोफत ॲप घेतले. ते शक्ती डीबीएम या एककात दाखविते. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट. आकडा दहाने उतरला की शक्ती दहापट घटते. म्हणजे उणे ६० डीबीएम ही शक्ती फक्त एक अब्जांश वॅट असते! इतक्या क्षीण कुजबुजीतून फोन आपला संदेश ओळखतो, हे नवलच. उणे ५० चांगले, उणे ८० च्या खाली काम कठीण, असा ढोबळ हिशेब धरा. घराचा नकाशा काढून प्रत्येक खोलीतला आकडा लिहा. आमच्या नकाशात राउटरपाशी उणे ३५ होते, अभ्यासाच्या खोलीत उणे ७८. राउटर लोखंडी कपाटामागे ठेवला होता आणि धातू हे तरंग परावर्तित करतो.

त्याच ॲपमध्ये शेजाऱ्यांचे राउटर कोणत्या वाहिनीवर आहेत तेही दिसते. या पट्ट्यात १ ते १३ वाहिन्या आहेत, पण लगतच्या वाहिन्यांत अंतर केवळ ५ मेगाहर्ट्झ आणि एका राउटरला जागा लागते सुमारे २० मेगाहर्ट्झ. त्यामुळे १, ६ आणि ११ या तीनच एकमेकींवर न चढता नांदतात. आमच्या यादीत अकरा राउटर होते. त्यांपैकी सात ६ च्या आसपास होते, आणि घरचा राउटरही ६ वर! साडेसात म्हणजे सर्वजण घरी परतण्याची वेळ. एकाच वाहिनीवरचे राउटर आळीपाळीने बोलतात. बोलणारे वाढले की प्रत्येकाची पाळी उशिरा येते.

भट्टीची परीक्षा

मग भट्टी निर्दोष का? तेही तपासायलाच हवे. तिच्यातील मॅग्नेट्रॉन २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास तरंग निर्माण करतो, म्हणजे अगदी वायफायच्या पट्ट्यात. झाकणाच्या फटीतून निसटणारा अल्पसा अंश माणसाला अपायकारक नसला, तरी अब्जांश वॅटच्या कुजबुजीला पुरेसा त्रास देऊ शकतो. रोहित्रावर चालणाऱ्या भट्टीत मॅग्नेट्रॉन विजेच्या प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्याच भागात काम करतो. ५० हर्ट्झवर एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे, म्हणून सुमारे १० मिलिसेकंद गोंगाट आणि १० मिलिसेकंद शांतता. वायफाय या फटींतून वाट काढू शकते.

नात धीर करून खालच्या काकूंकडे गेली. ठरले असे: काकूंनी एका तासात मनाला येईल तेव्हा तीन वेळा, दोन-दोन मिनिटे, भट्टीत पाण्याचा पेला ठेवून ती चालवावी आणि वेळा चिठ्ठीवर लिहाव्यात. वर नातीने चित्र अडकल्याच्या वेळा लिहाव्यात. एकमेकींना काही सांगायचे नाही. तासानंतर दोन्ही कागद शेजारी ठेवले. नातीकडे नऊ नोंदी होत्या. त्यांपैकी फक्त एक भट्टीच्या वेळेशी जुळली. जिन्यातले भांडण त्या कागदावरच मिटले.

राउटर कपाटामागून काढून उंच, मोकळ्या जागी ठेवला आणि वाहिनी ११ केली. अभ्यासाच्या खोलीत आकडा उणे ५८ वर आला आणि शिकवणी सुरळीत झाली. तुमचा राउटर ५ गिगाहर्ट्झवरही चालत असेल तर तेथे गर्दी कमी असते. मात्र भिंती ते तरंग अधिक अडवितात.

वहीचे मोल

अशा खरखरीच्या शोधातून एक नवे शास्त्र जन्मले आहे. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील कार्ल जान्स्की यांना समुद्रापारच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये येणाऱ्या खरखरीचे कारण शोधण्याचे काम दिले होते. त्यांनी २०.५ मेगाहर्ट्झसाठी मोटारीच्या चाकांवर फिरणारा एरियल बांधला आणि नोंदी ठेवल्या. जवळची वादळे, दूरची वादळे, आणि उरली एक मंद, सलग सळसळ. ती दर २३ तास ५६ मिनिटांनी परत येई. सूर्याचा दिवस २४ तासांचा, ताऱ्यांचा दिवस २३ तास ५६ मिनिटांचा. म्हणजे उगम ताऱ्यांत होता! १९३३ मध्ये त्यांनी जाहीर केले की, ही सळसळ आकाशगंगेकडून येते. चार मिनिटांचा फरक वहीत नसता, तर रेडिओ खगोलशास्त्राचा आरंभ तेथे झाला नसता.

आपल्या पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. मानवनिर्मित गोंगाट कमी असलेली जागा तिच्यासाठी निवडली गेली. तरीही तेथील तंत्रज्ञांना वीजवाहिन्यांवरच्या ठिणग्यांसारखे उगम शोधावे लागतात. तुमचे आणि त्यांचे काम एकाच जातीचे आहे.

करून पाहा

१. आठवडाभर रोज एकाच वेळी घरातील खरखरीची नोंद ठेवा. पाऊस, लोकल आणि उपकरणे यांच्या वेळाही लिहा.

२. वर्गातील दहा घरांतील राउटरच्या वाहिन्या जमवून आलेख काढा. कोणत्या वाहिनीवर गर्दी आहे?

३. शिक्षकांनी मिक्सर, एलईडी दिवा व चार्जर यांपासून ट्रान्झिस्टर किती अंतरावर नेल्यास खरखर बंद होते, हे वर्गात मोजून दाखवावे. तीन अंतरे वेगळी का येतात, यावर मुलांशी चर्चा करावी.

आणि शेजाऱ्यावर संशय आला, तर जिन्यात जाण्याआधी वही उघडा.