अठरा पूर्ण झालेल्या मुलांच्या आईबाबांशी

मी जुन्या वळणाची बाई आहे. लग्नसंस्था, एकत्र बसून जेवणारं घर, देवधर्म, मायबोली, वडीलधाऱ्यांचा मान, हे सगळं टिकावं असं मला मनापासून वाटतं आणि मतदान करतानाही बहुतेक वेळा हाच विचार डोक्यात असतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोण बोलतंय ते तुम्हाला कळेल. आज मला बोलायचंय ते माझ्यासारख्याच आईबाबांशी. निवडणूक जवळ आली की आपल्यातल्या कितीतरी घरांत एकच प्रकार घडतो. बाबा काहीतरी बोलतात, कॉलेजातली मुलगी उलट उत्तर देते, आजी मध्ये पडते आणि मुलगी ताटावरून उठून जाते. मग आपण म्हणतो, हल्लीची मुलं ऐकत नाहीत.

मुलं ऐकतात हो. पण आपण त्यांना आपली मतं सांगत कुठे असतो? कुणीतरी पाठवलेला मजकूर आपण घरच्या ग्रुपवर पुढे ढकलतो. मुलगा विचारतो, "बाबा, हे कुठून आलं? खरं आहे का?" आपल्याकडे उत्तर नसतं, म्हणून आपण त्याचं वय काढतो. अठराव्या वर्षी मताचा हक्क देणारी एकसष्टावी घटनादुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून लागू झाली. त्याआधी एकवीस लागत. म्हणजे आज पन्नाशी ओलांडलेल्या आपल्यातल्या काही जणांनी त्याच वर्षीच्या लोकसभेला अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी पहिलं मत दिलं आहे. तेव्हा आपल्याला कळत होतं, मग आता यांना का कळणार नाही?

मला सांगायचं आहे ते एवढंच. जे घरात जपायचं असतं ते आपण पक्षांकडून जपवून घ्यायला निघालोय आणि जिथे मताने खरोखर काही होतं तिथे आपण ढिले पडतो. मुलांना हे दिसतं. आपल्या मूल्यांवरचा त्यांचा विश्वास तिथेच उडतो.

जुन्या-नव्याचा हा वाद महाराष्ट्राच्या घरचाच आहे. टिळक आणि आगरकर न्यू इंग्लिश स्कूलमध्ये एकत्र राबले, केसरी-मराठा एकत्र काढले आणि कोल्हापूरच्या बर्वे अब्रुनुकसानी प्रकरणात १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र राहिले. आत असतानाही त्यांचे वाद चालतच होते. पुढे आगरकरांनी केसरी सोडला आणि १८८८ साली सुधारक काढला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून तर सगळं पुणं पेटलं होतं. मुलीचं संमतिवय दहावरून बारा करायचं, एवढाच तो कायदा. टिळकांचा विरोध होता, पण बालविवाह चांगला म्हणून नव्हे. मुलीचं लग्न सोळाच्या आत आणि मुलाचं विसाच्या आत करू नये, असं लोकांनी आपणहून ठरवावं ही सूचना त्यांनीच केली होती. त्यांचं म्हणणं असं, की आमच्या घरात सुधारणा आम्ही करू, परक्या सरकारने कायदा लादू नये.

कायदा कुणी करावा, हा टिळकांचा प्रश्न मला आजही मोलाचा वाटतो. समाजाच्या गळी वरून उतरवलेली गोष्ट रुजत नाही, हे मी मानते. पण समाज आपणहून सुधारेपर्यंत दहा-अकरा वर्षांच्या त्या मुलींनी कुठे थांबायचं होतं? तिथे कायद्याची बाजू घेणाऱ्या आगरकरांचं बरोबर होतं, आणि हे म्हटल्याने माझं परंपरेवरचं प्रेम रतीभरही कमी होत नाही. परंपरा जपायची म्हणजे तिच्यात कोण चिरडलं जातंय तेही आपणच आधी पाहायचं. हा सगळा इतिहास मुलांना घरी सांगा. परंपरा मानणारा माणूसही विचार करून बोलतो हे त्यांना त्यातून कळेल, आणि मतभेद असलेली दोन माणसं एका तुरुंगात, एका शाळेत काम करू शकतात हेही.

आता अवघड विषयाकडे येते, कारण तो टाळून चालणार नाही. समलिंगी विवाहाचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला, तेव्हा आमच्या घरी आठवडाभर वाद होता. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि असा विवाह मान्य करायचा की नाही हे संसदेने ठरवावं. मला निकाल पटला. लग्नाची व्याख्या बदलायची असेल तर ती लोकांनी निवडून दिलेल्यांनी, उघड चर्चा करून बदलावी आणि ती बदलू नये असंच मी त्यांना सांगेन. माझ्या मुलीला हे अजिबात पटत नाही. तिची एक मैत्रीण अशी आहे. ती म्हणाली, "आई, तू संसद म्हणतेस, पण माझी मैत्रीण दवाखान्यात असली तर सही कोण करणार, ते सांग." मी तिला सांगितलं, की सहीची, वारशाची, विम्याची सोय कायद्याने करायला माझी काहीच हरकत नाही. त्याला लग्न म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं. ती म्हणाली, हे अर्धंच झालं. आम्ही दोघी अजून तिथेच आहोत, पण बोलतो आहोत.

मात्र परंपरा मानणाऱ्या आईबाबांना मी हात जोडून एक सांगते. उद्या आपल्याच मुलाने असं काही येऊन सांगितलं, तर त्याला मारू नका, घराबाहेर काढू नका आणि "लग्न झालं की सुधारेल" म्हणून त्याचं लग्न तर मुळीच लावू नका. ज्या मुलीला तुम्ही सून म्हणून आणाल, तिच्या आईबाबांनीही तिला लाडाकोडात वाढवलेलं असतं. तिला अंधारात ठेवून अक्षता टाकायच्या, हा विवाहसंस्काराचा घोर अपमान आहे. लग्नाला पवित्र मानणाऱ्या माणसाने तर हे कधीच करू नये. आणि २०१८ साली कलम ३७७ मधला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग गेला ते योग्यच झालं. कुणाच्या खासगी आयुष्यासाठी तुरुंग नको.

उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता लागू झाली. त्यात लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांनी नोंदणी करायची आहे, आणि दोघांपैकी कुणी एकवीसच्या आतलं असेल तर अधिकारी पालकांना कळवतो. आपल्या विचारांच्या बऱ्याच लोकांनी याला टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. लग्नाशिवाय राहणं मला पसंत नाही, हे मी मुलांना स्वच्छ सांगितलेलं आहे. पण माझी मुलगी कुठे आणि कुणाबरोबर राहते हे मला सरकारी कार्यालयातून कळणार असेल, तर त्या नोंदणीने माझं घर वाचलं असं मी कसं म्हणू? तिने ते मला सांगावं इतकी जागा घरात असायला हवी. ती जागा कुठला पक्ष करून देणार?

शाळेतल्या भाषेचं मात्र वेगळं आहे. तिथे लोकांच्या बोलण्याला वजन असतं. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये तो बदलला आणि आरडाओरड इतकी झाली की २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले. ज्यांनी मराठीसाठी आवाज उठवला त्यांच्यात सगळ्या विचारांची माणसं होती.

आणि दारू! मूल्यं जपायची आणि मत वापरायचं, या दोन्ही गोष्टी इतक्या थेट जुळणारा दुसरा विषय माझ्या माहितीत नाही. आपल्या राज्यात गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, तर दारूच्या दुकानासाठी गुप्त मतदान घेता येतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद. बंदीसाठी एकूण झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत. एकूण नोंदलेल्या महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. म्हणजे जी घरी बसली ती दुकानाच्याच बाजूने मोजली जाते. शेतावर गेलेली, माहेरी गेलेली, नवऱ्याने धाक घातलेली, सगळ्या. म्हणून बायका घरोघर फिरतात, मतदानाच्या दिवशी म्हातारीला रिक्षात घालून आणतात. आपल्या मुलीला, सुनेला अशा मतदानाला बरोबर न्या. दारूबंदीने चोरटी दारू वाढते, असा वाद मुलं घालतील. चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये याच कारणाने उठवली, हेही सांगतील. ऐकून घ्या, त्यात तथ्य आहे. तरीही शाळेच्या वाटेवरचं दुकान नको म्हणायला राज्यभराची बंदी लागत नाही.

आता जरा बोचेल असं बोलते. मतदानाच्या आदल्या दोन रात्री गल्लीत, सोसायटीत काय चालतं ते आपल्याला माहीत आहे. कार्यकर्ता यादी घेऊन येतो, घरात मतं किती ते विचारतो आणि तेवढ्या हिशेबाने पाकीट ठेवतो. सोसायट्या पाकीट घेत नाहीत, त्या पेव्हर ब्लॉक, रंगकाम, पाण्याची टाकी घेतात. भारतीय न्याय संहितेच्या १७० व्या कलमाने मतासाठी देणाराही गुन्हेगार आणि घेणाराही. "सगळेच घेतात, आपलेच पैसे आहेत" हे वाक्य आपण दारात उभं राहून म्हणतो, तेव्हा आतल्या खोलीत बसलेला मुलगा ते ऐकत असतो. त्याच मुलाला आपण सकाळी संस्कार, संस्कृती आणि धर्म यांवर बोलणार! पाकीट परत करायला धैर्य लागतं, वॉर्डात संबंध असतात, हे सगळं मी जाणते. तरी ते परतच करायचं. मुलांच्या देखत.

आणि मुलाने मत दिल्यावर "कुणाला दिलंस?" हे विचारू नका. बटण दाबल्यावर चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. ती फक्त त्याने पाहायची असते. आधी हवं तेवढं बोला. मी माझ्या मुलीला कुणाला मत देणार आणि का, हे सगळं सांगते. तिचं मी विचारत नाही, आणि गंमत म्हणजे न विचारल्यामुळेच ती पुष्कळदा आपणहून सांगते.

एक कामाची गोष्ट राहिली. मुलांची नावं यादीत आहेत का, ते आजच बघा. नाव नोंदवण्यासाठी आता वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, आणि सतरा पूर्ण झाली की नमुना ६ आधीच भरून ठेवता येतो. मूल पुण्या-मुंबईत वसतिगृहात असेल, तर नाव गावातच ठेवायचं की नमुना ८ भरून तिकडे हलवायचं, हे त्यालाच ठरवू द्या. गावात ठेवलं, तर मतदानाच्या दिवसाचं एसटीचं तिकीट वेळेत काढून ठेवायला सांगा. त्या दिवसांत गाड्या भरलेल्या असतात.