धंदा बदलताना : फाळक्यांच्या 'फॅक्टरी'तून घेण्यासारखे

या पानावर सिनेमाचा विषय पाहून काही बुजुर्ग नाराज होतील, त्यांची आधीच माफी मागतो. प्रश्न करमणुकीचा नाही, रोजीचा आहे. "लूम भंगारात घालून दुसरा धंदा धरावा का?" असे विचारणारे बांधव हल्ली वारंवार भेटतात. त्यांना मी परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा विनोदी मराठी चित्रपट पाहायला सांगतो. 2009 साली ऑस्करसाठी भारतातर्फे तोच पाठवला गेला होता. छापखाना सोडून सिनेमा काढायला निघालेल्या दादासाहेब फाळक्यांची ही गोष्ट.

गोष्ट घडली गिरगावात, खोताच्या वाडीच्या आसपास. लाकडी जिन्यांच्या त्या वाडीतून बाहेर पडून चालत जावे, एवढ्या अंतरावर. फाळक्यांनी 1911 साली ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला तो गिरगावात, आणि त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी लागला तोही गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये. दोन्हींच्या मधली दोन वर्षे म्हणजे हास्यास्पद प्रकारांची मालिकाच. सिनेमात काम करणे बदनामीचे, म्हणून नटांनी बाहेर सांगायचे, "हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे." तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या हॉटेलात 10 रुपये पगारावर असलेल्या साळुंके नावाच्या तरुणाला 15 रुपये देऊन लुगडे नेसवले. पुढे 1917 च्या 'लंकादहन'मध्ये या गृहस्थाने राम आणि सीता दोन्ही कामे केली. बाहेरगावी चित्रणाला गेलेल्या मंडळींच्या ढाली-तलवारी पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्याचे वाटले आणि फौजदाराने सर्वांना पकडले, असेही सांगतात.

हसून झाल्यावर हिशेब पाहावा. लोकांना वाटते, या माणसाने सर्व सोडून उडी मारली. तसे नाही. चित्रकला ते जे. जे. मध्ये शिकले होते. गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ चालवला होता. पुरातत्त्व खात्यात नकाशे काढले, छपाईत रंगांची रसायने हाताळली, रंगीत छपाईसाठी जर्मनी पाहून आले. जादूचे प्रयोगही करीत, स्वतःचे नाव उलटे करून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने. सिनेमाला लागणारे बहुतेक हुन्नर त्यांच्या हातात अगोदरच होते. जे नव्हते, ते शिकण्यासाठी 1912 च्या फेब्रुवारीत विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले व कॅमेरा घेऊन परतले. भांडवल मागण्यापूर्वी कुंडीतल्या वाटाण्याचे रोप वाढतानाचा छोटासा चित्रपट काढून सावकारांना दाखवला. आपल्या भाषेत, आधी सॅम्पल, मग ऑर्डर. घरच्या बाई, सरस्वतीबाई, फिल्मला भोके पाडण्यापासून सर्वांच्या स्वयंपाकापर्यंत राबल्या. धंदा बदलण्याचा मशवरा घरात करीत नाही, त्याने हा भाग दोनदा पाहावा.

मी स्वतः याच्या उलट वागलो. काही वर्षांपूर्वी कापडातली रक्कम काढून मोबाइलच्या सुट्या भागांत घातली. पॉपलीन 60 नंबरचे की 80 चे, हे मी अंधारात बोटांनी सांगू शकतो. मोबाइलचा स्क्रीन अस्सल की नकली, हे मला उजेडातही कळेना. लूमवाल्याने तयार कपड्यांत जाणे वेगळे. सूत, आटण, रंग सुटणे हे त्याला ठाऊक असते. त्याने हॉटेल काढणे वेगळे.

चित्रपट यशावर संपतो. दफ्तर तिथे संपत नाही. छापखान्यात फाळक्यांचे भागीदाराशी पटले नव्हते. 1918 साली हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, तिथेही भागीदारांशी बिनसले आणि ते रागाने काशीला निघून गेले. नंतर परतले, पण 1944 साली नाशिकला त्यांचे निधन झाले तेव्हा हातात फारसे उरले नव्हते. धंदा बदलला, भागीदारीतला स्वभाव तोच राहिला. मला हा भाग वाटाण्याच्या रोपाहून महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच कोणी सांगत नाही.

त्याच गिरगावात दुसरे उदाहरण आहे. सुरतचे अब्दुल अली युसुफअली तरुणपणी ब्रह्मदेश, सिंगापूरपर्यंत तंबू ठोकून बायोस्कोप दाखवीत फिरले. 1914 मध्ये त्यांनी मुंबईत अर्देशीर इराणी यांच्या भागीदारीत अलेक्झांड्रा थिएटर घेतले, 1918 मध्ये गिरगावचे मॅजेस्टिक उभारले. एक मुसलमान, एक पारशी. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' 14 मार्च 1931 रोजी लागला तो याच मॅजेस्टिकमध्ये. थिएटर आज नाही, नाव तेवढे शॉपिंग सेंटरला उरले आहे.

सूरा बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीच्या देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, साक्षीदारांसह. ती लहानपणी मदरशात पाठ केली होती. मोबाइलच्या भागीदारीच्या वेळी मात्र "आपल्यात काय लिहायचे" म्हणून मुसाफा केला आणि चहा प्यायलो. तो हिशेब अजून मिटलेला नाही.