सैनिकांचे निवासगृह : बराक आणि घर

लढाईत अपंग झालेल्या किंवा नोकरीतच म्हातारपण आलेल्या सैनिकाला निवारा देणे हे राज्याचे काम आहे, ही कल्पना युरोपात सतराव्या शतकात भव्य इमारतींच्या रूपाने साकार झाली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६७० मध्ये अशा सैनिकांसाठी पॅरिस येथे एक प्रचंड वास्तू बांधण्याचा हुकूम काढला. लिबेराल ब्रुआं या वास्तुशिल्पज्ञाने तिचा आराखडा केला आणि १६७४ मध्ये पहिले रहिवासी तेथे दाखल झाले. ‘अँव्हालिद’ या नावाने ही वास्तू आज ओळखली जाते. त्यापूर्वी जखमी सैनिकाच्या वाट्याला एखाद्या मठातला आश्रय येई, नाही तर रस्त्यावरची भीक. नव्या वास्तूत त्याला अन्न, वस्त्र, औषधपाणी आणि हाताला काम मिळाले, परंतु त्याबरोबर सैन्यातली शिस्तही मिळाली. चौकांभोवती रचलेली ही इमारत बाहेरून राजवाड्यासारखी होती आणि आतून छावणीसारखी. राजाचे वैभव लोकांना दिसावे, हाही तिचा एक हेतू होता. आणि ज्या इमारतीला दोन हेतू असतात, तिच्यात राहणाऱ्याचा क्रमांक बहुधा दुसरा लागतो.

इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने हेच उदाहरण पुढे ठेवून लंडनमधील चेल्सी येथे सैनिकांसाठी ‘रॉयल हॉस्पिटल’ स्थापन केले. हॉस्पिटल या शब्दाचा येथे अर्थ रुग्णालय असा नसून आश्रयस्थान असा आहे. १६८२ मध्ये काम सुरू झाले आणि १६९२ मध्ये सैनिक राहावयास आले. आराखडा सर ख्रिस्तोफर रेन यांचा होता. रेन यांची खरी दृष्टी जिन्यांच्या पायऱ्यांत दिसते. या पायऱ्यांची उंची त्यांनी मुद्दाम कमी ठेवली, म्हणजे लंगडणाऱ्या आणि वृद्ध माणसाला गुडघा फार वर उचलावा लागू नये. मोठ्या घुमटांची कीर्ती मिळवणाऱ्या या वास्तुशिल्पज्ञाने म्हाताऱ्या सैनिकाच्या गुडघ्याचाही विचार केला होता, ही गोष्ट वर्णनांतून बऱ्याचदा निसटते.

रहिवाशांसाठी रेन यांनी लांबच लांब दालने बांधली आणि त्यांत ओक लाकडाच्या तक्तपोशीने एकेक माणसाचा कप्पा वेगळा केला. हा कप्पा अवघा ६ फूट लांब आणि ६ फूट रुंद होता. आजच्या वाचकाला ही जागा कोंडवाड्यासारखी वाटेल. परंतु त्या काळी साध्या शिपायाला बराकीत स्वतंत्र बिछानाही मिळेलच असे नव्हते. स्वतःचा म्हणता येईल असा कोपरा, आड करता येईल असे दार आणि दाराबाहेर पाऊल टाकताच जुन्या सोबत्यांनी भरलेले दालन, एवढे त्या सहा फुटांत साधले होते. १९५० नंतरच्या दशकात हे कप्पे ९ फूट लांबरुंद करण्यात आले. स्नानगृहे व शौचालये मात्र सामाईकच राहिली. ऐंशीच्या घरातील माणसाने रात्री उठून दालनभर चालत जावे, ही व्यवस्था एकविसाव्या शतकातही चालू होती. अखेर मोठ्या नूतनीकरणानंतर, २०१५ पर्यंत, प्रत्येक रहिवाशाला बसण्याची जागा, निजण्याची जागा आणि स्वतःचे स्नानगृह मिळाले. दरम्यान २००९ पासून स्त्री-सैनिकांनाही तेथे प्रवेश मिळू लागला होता.

या सव्वातीनशे वर्षांत कप्पा वाढत गेला, पण दालन मोडले गेले नाही, ही गोष्ट विशेष विचारात घेण्यासारखी आहे. प्रशस्त खोल्या आणि अरुंद मार्गिका असलेली नवी इमारत बांधणे कदाचित सोपे गेले असते. परंतु ज्याची तारुण्याची वर्षे पलटणीत गेली, त्याला एकांत हवा असतो तशीच हाकेच्या अंतरावरची सोबतही हवी असते. बंद करता येणारे दार त्याला पाहिजे आणि ते उघडताच कोणी तरी दिसलेही पाहिजे. सैनिकांच्या निवासगृहाची रचना करणाऱ्यापुढील मुख्य कूट प्रश्न हाच आहे.

अमेरिकेत हा प्रश्न यादवी युद्धाच्या अखेरीस एकदम मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. अध्यक्ष लिंकन यांनी ३ मार्च १८६५ रोजी अपंग स्वयंसैनिकांच्या राष्ट्रीय आश्रयस्थानाच्या कायद्यावर सही केली. पहिली शाखा १८६६ मध्ये मेन राज्यातील टोगस येथे उघडली. पुढील वर्षी डेटन व मिलवॉकी येथील शाखा सुरू झाल्या. कायद्यातील मूळ नाव ‘असायलम’ असे होते. तो शब्द वेड्यांच्या व निराधारांच्या संस्थांना लावला जाई. १८७३ मध्ये तो काढून त्या जागी ‘होम’, म्हणजे घर, हा शब्द घालण्यात आला. पाटी बदलली, पण दिनक्रम बदलला नाही. रहिवाशांच्या अंगावर गणवेश होता, राहावयास बराकी होत्या, उठणे-जेवणे ठरलेल्या इशाऱ्यावर होई. ग्रंथालये, नाट्यगृहे, बागा व शेती यांनी या वसाहती समृद्ध होत्या हे खरे. तथापि सकाळी केव्हा उठावे, हे मात्र त्या घरातल्या माणसाच्या हाती नव्हते.

विसाव्या शतकात बराकीची जागा रुग्णालयाने घेतली. लांब मार्गिका, तिच्या दुतर्फा खाटा, मध्यभागी परिचारिकांचे टेबल, औषधांची ढकलगाडी आणि ध्वनिक्षेपकावरून होणारा पुकारा, असा नवा साचा रूढ झाला. आरोग्याची देखरेख यात चोख होते. पण वर्षानुवर्षे तेथेच राहावयाचे असलेल्या माणसाला आपण कायमचे आजारी आहोत, असे ही इमारतच दिवसभर सांगत राहते.

या साच्याला धक्का दिला तो डॉक्टर विल्यम टॉमस यांच्या ‘ग्रीन हाउस’ या कल्पनेने. २००३ मध्ये मिसिसिपी राज्यातील ट्युपेलो येथे वृद्धांसाठी अशी पहिली चार घरे सुरू झाली. प्रत्येक घरात फक्त १० माणसे, प्रत्येकाला स्वतंत्र खोली व स्नानगृह, मध्ये उघडे स्वयंपाकघर आणि सर्वांना पुरेल असे एकच मोठे जेवणाचे टेबल. परिचारिकांचे टेबल काढून टाकले. औषधे ज्याच्या त्याच्या खोलीतील कुलूपबंद कपाटात गेली. स्वयंपाक, शुश्रूषा आणि घरकाम एकच माणूस करतो. त्याला टॉमस यांनी ‘शाहबाज’ हे फारसी नाव दिले. भारतीय वाचकाला ते अनपेक्षित ठिकाणी भेटलेल्या ओळखीच्या माणसासारखे वाटेल. पुढे अमेरिकेच्या माजी सैनिक विभागानेही ही रचना स्वीकारली. आपल्या शुश्रूषागृहांचे नाव त्याने २००८ मध्येच बदलले होते, पण इलिनॉय राज्यातील डॅनव्हिलसारख्या ठिकाणी छोटी घरे बांधली गेली तेव्हा पाटीबरोबर भिंतीही बदलल्या.

सैनिकासाठी अशी घरे बांधताना काही गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. युद्धाच्या आठवणींनी ज्याची झोप मोडते, तो पाठ भिंतीला लावून आणि नजर दाराकडे ठेवून बसणे पसंत करतो. तेव्हा बैठकीच्या खोलीत तशी जागा एकच असून भागत नाही. अचानक वाजणारी घंटा किंवा धाडकन आपटणारे दार इतरांना नुसता त्रास देते. त्याला ते वर्षानुवर्षे मागे नेते. मार्गिकेचे वळण आंधळे असू नये. चाकांची खुर्ची जागच्या जागी फिरवावयास सुमारे ५ फूट व्यासाची मोकळी जागा लागते, आणि ती स्नानगृहातही लागते. ओट्याखाली गुडघे गेले नाहीत, तर स्वयंपाकघर कितीही उघडे ठेवले तरी खुर्चीवरील माणूस तेथे पाहुणाच राहतो.

आणखी एक फरक वयाचा आहे. वृद्धाश्रमाची रचना आयुष्याची शेवटची काही वर्षे डोळ्यांपुढे ठेवून केली जाते. मणक्याला गोळी लागलेला जवान मात्र विशी-पंचविशीत अशा निवासात येतो आणि पुढची तीस-चाळीस वर्षे तेथे काढू शकतो. अशा जवानांसाठीच १९७४ मध्ये पुण्यालगत खडकी येथे अर्धांगवायूग्रस्त सैनिकांचे पुनर्वसन केंद्र स्थापन झाले. तेथे उपचारांच्या जोडीला खेळ आणि व्यवसायशिक्षण यांना स्थान मिळाले. चाकांच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळणे आणि तोंडात कुंचला धरून चित्रे काढणे ही तेथील रहिवाशांची ओळख बनली. अशा माणसाला खोलीइतकेच अंगण लागते, कामाची जागा लागते, आणि गावाकडून आलेल्या आईला किंवा पत्नीला दोन दिवस ठेवून घेता येईल असा कोपराही लागतो. खाटांची संख्या मोजून केलेल्या आराखड्यात हा कोपरा सहसा आढळत नाही, कारण त्यावर निजणाऱ्या माणसाचे नाव कोणत्याच नोंदवहीत नसते.