वजनकाटा आणि वही

मुलांनो, निमोण्यासारख्या गावात बाळ जन्मले की आशाताई घरी येतात. त्या बाळाचे वजन करतात, ताप पाहतात आणि वहीत नोंद करतात. बाळ दवाखान्यात जन्मले असेल, तर बेचाळीस दिवसांत सहा भेटी द्यायच्या, असा सरकारी नियम आहे. हा नियम कसा तयार झाला? त्याची सुरुवात गडचिरोली जिल्ह्यात झाली.

तेथील खेड्यांत अनेक नवजात बाळे घरीच दगावत. दवाखाना दूर आणि हाती पैसा नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने आधी मोजणी केली. हजार बाळांपैकी सुमारे साठ बाळे पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच मरण पावत होती.

मग १९९५ पासून ३९ गावांतील स्त्रियांना शिकवण्यात आले. बाळाला ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे ही कामे त्या घरोघरी जाऊन करू लागल्या. दुसऱ्या ४७ गावांत नेहमीच्या सरकारी सेवा चालू राहिल्या. तिसऱ्या वर्षी ३९ गावांत हे प्रमाण हजारी सुमारे २६ वर आले. ४७ गावांत मात्र ते साठच्या आसपासच राहिले.

ही दुसरी गावे कशाला मोजली? समजा, कोणी म्हणाले, "यंदा पाऊसपाणी चांगले झाले, म्हणून बाळे वाचली." पण पाऊस तर दोन्हीकडे पडला होता! तुलना केली की खरे कारण कळते.

हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आले. २०११ मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचे काम देशभरातील आशाताईंकडे सोपवले.

परंतु नुसत्या नियमाने बाळ वाचत नाही. वस्तीच्या टोकाच्या झोपडीपर्यंत भेट पोहोचली का? वजनकाटा चालू आहे का? हे पुन्हा पुन्हा विचारणे, मोजणे आणि लिहिणे म्हणजेच संशोधन. हे काम उद्या तुम्हीही करू शकाल.

शब्दार्थ
नवजात – नुकतेच जन्मलेले
दगावणे – मरण पावणे
निष्कर्ष – अभ्यासातून निघालेले उत्तर

स्वाध्याय
१. ४७ गावांची मोजणी का केली?
२. तुमच्या अम्मीला किंवा शेजारच्या काकूंना विचारा : बाळ लहान असताना आशाताई किती वेळा आल्या? उत्तर पाच वाक्यांत लिहा.