किडींचा वासाचा-चवीचा व्यवहार आणि आपला ऊस



सुरू उसाला फुटवे फुटू लागले आणि ऊन तापू लागले की अंबड-घनसावंगीच्या कालव्याखालच्या गावांतून एकच निरोप येतो : "साहेब, पोंगे वाळायला लागले, औषध सांगा." वाळलेला पोंगा धरून ओढला की तो अलगद हातात येतो आणि त्याला कुजका, घाण वास येतो. हा वास आला म्हणजे खोडकिडा, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. परंतु आपल्या नाकाला हा वास येतो तेव्हा अळी खोडात जाऊन बसलेली असते. वरून मारलेला फवारा तिथवर पोचत नाही. पैसा जातो, मजुरी जाते आणि मेलेला फुटवा काही जिवंत होत नाही.

आपण वासावर जागे होतो ते शेवटी. कीड मात्र पहिल्या दिवसापासून वासावर आणि चवीवरच चालते. तिचा हा व्यवहार नीट समजला तर औषधाची वेळ येण्याआधीच आपल्याला हालचाल करता येते. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

किडीचे नाक आणि जीभ

किडीला आपल्यासारखे नाक नसते. डोक्यावरच्या दोन मिशा हेच तिचे नाक. चव ती तोंडाने घेतेच, पण पायांनीही घेते. माशी साखरेवर बसते तेव्हा आधी तिच्या पायांना गोडी कळते आणि मग ती सोंड खाली सोडते.

मुंग्यांचे उदाहरण घरोघरचे आहे. नवीन जालन्यात माझ्या घरी गुळाच्या डब्याला मुंग्यांची रांग लागते. त्या रांगेच्या वाटेवर ओल्या फडक्याने चार बोटे पट्टा पुसून पाहा. मुंग्या तिथवर येऊन थबकतात, इकडे-तिकडे फिरतात. गूळ तिथेच असतो, पण पुढे गेलेल्या मुंगीने जमिनीवर टेकवत नेलेला वास पुसला गेलेला असतो. मुंगीच्या दृष्टीने रस्ताच मोडला!

रेशमाच्या पतंगाने शिकवलेला धडा

आपल्या जिल्ह्यात आता तुतीची लागवड करणारे पुष्कळ आहेत. 2018 साली जालन्याच्या बाजार समितीत रेशीम कोषांची बाजारपेठही सुरू झाली. ज्यांनी कोषातून पतंग बाहेर पडताना पाहिले आहेत त्यांना ठाऊक असेल, की मादी जागची फारशी हलत नाही. पोटाच्या टोकाची ग्रंथी उघडी करून ती बसून राहते आणि नर पंख फडफडवीत तिच्याकडे येतो.

नर येतो तो मादीच्या वासावर. ते द्रव्य कोणते, हे जर्मनीतील शास्त्रज्ञ अॅडॉल्फ बुटेनांट यांनी 1959 साली शोधून काढले. त्यासाठी सुमारे वीस वर्षे गेली. जवळजवळ पाच लाख माद्यांपासून जेमतेम काही मिलिग्रॅम द्रव्य हाती आले. यावरून नराच्या मिशा किती तल्लख असतील याचा अंदाज करावा. आज आपण शेतात जे कामगंध सापळे लावतो, त्यांचे मूळ या शोधात आहे.

खोडकिडा काय करतो?

खोडकिड्याचा पतंग रात्री फिरतो. मादी वास सोडते आणि नर त्या वासाचा माग काढत तिच्यापर्यंत येतो. संग झाल्यावर मादी उसाचे पान शोधते. पानाचा वास मिशांनी आणि पानाचा स्पर्श व चव पायांनी पारखून ती पानाच्या खालच्या बाजूला माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चपटी अंडी रांगेत घालते. चार ते सहा दिवसांत अळ्या निघतात. सुरुवातीला त्या पानाच्या देठाजवळच्या वेष्टणात कुरतडतात आणि मग खोड पोखरून आत शिरतात. पोंगा वाळतो तो त्यानंतर.

आपल्या हातात असलेला काळ कोणता, ते यावरून स्पष्ट होईल. पतंग उडू लागल्यापासून अळी खोडात शिरेपर्यंतचे ते थोडे दिवस!

आपल्या बाजूची कीड

या दिवसांत आपल्या मदतीला येणारी एक बारीक गांधीलमाशी आहे, ट्रायकोग्रामा. ती अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचीच असते. पतंग पानावर बसून जातो तेव्हा त्याच्या पंखांवरचे खवले तिथे गळतात. त्या खवल्यांचा वास ट्रायकोग्रामाच्या मादीला लागला की ती उडून न जाता तिथेच कसून शोध घेते. अंडे सापडले की मिशांनी ठोकून पारखते आणि त्यात आपले अंडे घालते. त्या अंड्यातून खोडकिड्याची अळी बाहेर पडतच नाही.

एकदा वापरलेले अंडेही तिला वासाने ओळखू येते. आधी येऊन गेलेल्या मादीच्या पायांचा वास अंड्यावर राहतो, म्हणून दुसरी ते अंडे सोडून पुढचे शोधते. जॉर्ज सॉल्ट या इंग्रज शास्त्रज्ञाने हे 1937 सालीच दाखवून दिले होते. इतके बारीक नाक असलेल्या या जिवावर विषारी फवारा मारला तर तो आपणच आपला राखणदार मारल्यासारखे होईल.

कडू लिंबाची दोन तऱ्हा

चवीचे एक उदाहरण सांगतो. 1962 साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या शेतात टोळधाड आली. डॉ. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या पिकावर निंबोळीचे पाणी फवारले होते, ते टोळांनी खाल्ले नाही. शेजारचे फस्त केले. निंबोळीने टोळ मेले नाहीत, त्यांना ती चव नको झाली.

म्हणून कडू लिंब सर्व किडींना नकोसा असतो असे मात्र समजू नका. वळिवाचा पाऊस झाला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून बांधावरच्या लिंबावर आणि बाभळीवरच जमतात आणि पाला खातात. एकाचे कडू ते दुसऱ्याचे गोड. प्रत्येक किडीचे नाक आणि जीभ वेगळी, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी.

माझ्या हातून झालेली चूक

हे मी पुस्तकातून शिकलो होतो, तरी शेतात विसरलो. 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने कपाशीचे किती नुकसान केले ते आपण सर्वांनी भोगले आहे. त्यानंतर गावोगाव कामगंध सापळे आले. पुढच्या उन्हाळ्यात आपल्या एका जुन्या सभासदाने उरलेले सापळे उसात लावले. आठ दिवसांनी मी प्लॉटवर गेलो तर सापळे रिकामे. "तात्या, पतंग नाहीत, निर्धास्त राहा," असे सांगून मी परतलो. तीन आठवड्यांनी त्यांचा निरोप आला, पोंगे वाळले. जाऊन वेष्टण पाहिले तर ल्युर बोंडअळीचे! त्या वासावर खोडकिड्याचा नर कशाला येईल? त्या वर्षी तात्यांचा तो प्लॉट विरळ राहिला. ते मला एक शब्द बोलले नाहीत, पण चूक माझीच होती. तेव्हापासून मी आधी वेष्टण वाचतो आणि मगच सापळ्यात डोकावतो.

सभासदांनी काय करावे?

1. लागणीनंतर महिन्याच्या आत टेहळणीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावावेत. सापळा पिकाच्या शेंड्याच्या पातळीवर ठेवावा व पीक वाढेल तसा वर घ्यावा.

2. ल्युर खोडकिड्याचेच आहे ना, ते वाचून घ्यावे. कांडीकिड्याचे, शेंडेकिड्याचे ल्युर वेगळे असते. तंबाखूचा किंवा औषधाचा हात ल्युरला लावू नये, हात स्वच्छ धुवावेत. मुदत संपली की ल्युर बदलावे.

3. सापळ्यात फक्त नर सापडतात. दोन सापळ्यांनी कीड संपत नाही. सापळा आपल्याला वेळ सांगतो. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी पतंग मोजून वहीत लिहावेत.

4. पतंग दिसू लागताच गट कार्यालयात कळवावे आणि ट्रायकोकार्ड लावावीत. प्रमाण हेक्टरी 50,000 परोपजीवी, दहा दिवसांच्या अंतराने पुन्हा. कार्डाच्या पट्ट्या पानाच्या खालच्या बाजूला सकाळी किंवा सायंकाळी टाचाव्यात. कार्डे लावली असताना कीटकनाशक फवारू नये.

5. बाळबांधणी वेळेवर करावी, सरीत पाचटाचे आच्छादन ठेवावे, पाण्याचा ताण पडू देऊ नये. वाळलेले पोंगे अळीसह जमिनीलगत कापून नष्ट करावेत.

6. फोरेट कोणी देऊ केले तरी घेऊ नये. त्यावर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे.

ज्यांच्या सापळ्यात पतंग येऊ लागतील त्यांनी पोंगा वाळण्याची वाट न पाहता चिटबॉयमार्फत त्याच दिवशी निरोप धाडावा. मी स्वतः प्लॉटवर येईन आणि येताना वेष्टण वाचायला विसरणार नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी