लेकीच्या पिस्तुलाला म्यान नको, पेटी हवी

दहा मीटर एअर पिस्तुलाच्या स्पर्धेत होल्स्टर लागतच नाही. नेमबाज टेबलावरून पिस्तूल उचलते, एका हाताने नेम धरते, छर्रा मारते आणि पिस्तूल परत टेबलावर ठेवते. कमरेवरून पिस्तूल उपसायचा खेळ वेगळा, आयपीएससीचा म्हणजे प्रॅक्टिकल शूटिंगचा. तिथे होल्स्टरने ट्रिगर झाकलेला असावाच लागतो. हे मी चामड्याचं काम करणाऱ्या एका कारागिराला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तरी ‘बाईंनीच होल्स्टर मागितलं’ असं तो चारचौघांत सांगतो, म्हणून लिहायला बसले.

मला हवी होती एक आटोपशीर बॅग. लेकीला मी स्कूटरवरून रेंजवर सोडते आणि कंपनीची पेटी पायाशी मावत नाही. कोल्हापुरात चामड्याचं काम करणाऱ्यांना तोटा नाही, त्यातल्याच एकाचं नाव कुणीतरी सुचवलं. तो म्हणाला, “वहिनी, बॅग कशाला? झकास होल्स्टर करतो. पोलिसांची केल्यात आम्ही. तुमचं हे तर खेळणं हाय.” मी नको म्हटलं. “बरं, पाऊच म्हणा,” असं म्हणून त्याने ॲडव्हान्स घेतला.

पिस्तूल कागदावर आडवं ठेवून काढलेली आकृती मी त्याला दिली. तळहाताखालचा टेकू, बाजूचा कॉकिंग लिव्हर, पुढची-मागची साईट, सगळ्यावर मापं लिहिली होती. पोलिसांच्या रिव्हॉल्व्हरला असा टेकू आणि लिव्हर नसतो, हेही समजावलं. फिटिंगसाठी पिस्तूल एक रात्र ठेवा म्हणाला, तेव्हा हवेचा सिलिंडर काढून घेतला, सेफ्टी फ्लॅग घातला आणि बजावलं, पाणी लावायचं नाही.

त्याने नेमकं तेच केलं. ओलं चामडं वस्तूवर दाबून बसवलं की वाळल्यावर तोच आकार धरतं, ही पद्धत जुनी आणि चांगली आहे. पण ती लाकडी साच्यावर करतात, निदान हत्यार प्लास्टिकात घट्ट गुंडाळून तरी. याने भिजलेलं चामडं थेट पिस्तुलावर ओढलं, कोपरे दाबून दाबून बसवले आणि मग सगळ्याला तेल पुसून पिस्तूल माझ्या हातात दिलं. घरी पाहिलं तर चकचकीत दिसत होतं.

कळलं ते रेंजवर. लेकीच्या छर्‍यांचा ग्रुप नेहमीसारखा घट्ट होता, पण सगळाच्या सगळा सात वाजता, खाली डावीकडे. तिने श्वास सावरला, पाय बदलले, परत मारलं. पुन्हा सात वाजता. तिचे डोळे भरून आले. तिला वाटलं आपलाच हात बिघडला. तिच्या प्रशिक्षक सरांनी पिस्तूल घेतलं, मागची साईट पाहिली आणि विचारलं, “हिचे स्क्रू कुणी फिरवले?” दाबताना ते फिरले होते. अक्रोडाच्या ग्रिपचं लाकूड पाण्याने फुगून खरखरीत झालं होतं, त्यावर तेलाचा बुळबुळीतपणा. साईटच्या एका स्क्रूच्या खाचेत तांबूस गंज धरला होता. मला अक्षरशः घाम फुटला.

मी त्याच्याकडे गेले, तर म्हणतो, “पोरीचा नेम चुकला, त्यात माझ्या चामड्याचा काय दोष?” हे लेकीच्या देखत. पैशांचं मी विसरेन, हे वाक्य विसरणार नाही.

तेव्हा पालकांनो, चामड्याच्या फंदात पडू नका. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कोल्हापुरी चामडं चपलेला उत्तम, पण ते ओल धरतं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यात ठेवलेलं पोलाद गंजतं. पेटीच घ्या. नियमानुसार एअर पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या मापात बसावं लागतं. फोम घातल्यावर आत एवढी जागा उरेल अशी पेटी पाहिली की काम झालं. फोम स्पंजसारखा नको, तो पाणी पितो आणि त्याचा भुगा होतो. पाणी न शोषणारा घट्ट फोम आणा आणि पिस्तुलाची आकृती काढून तो कापा. ट्रिगर आणि साईटभोवती बोटभर मोकळी जागा सोडा. कॉकिंग लिव्हरवर झाकणाचा दाब येता कामा नये. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये नेमबाज मनू भाकरच्या पिस्तुलाचा लिव्हर ऐन स्पर्धेत तुटला आणि मोलाची मिनिटं गेली. त्या लिव्हरची किंमत तेव्हा साऱ्या देशाला कळली. सिलिका जेलची पुडी टाका, ती वेळच्या वेळी बदला. सिलिंडर उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका.



आणि काम कुणालाही द्या, पिस्तूल देऊ नका. मापं द्या, आकृती द्या, फार तर समोर बसून फिटिंग करून घ्या. काय करायचं आणि काय नाही ते पावतीवर त्याच्याच अक्षरात लिहून घ्या. माझ्याकडच्या पावतीवर फक्त ‘पाऊच १ नग’ लिहिलंय, आणि त्याच्याच आधारावर तो ॲडव्हान्स परत द्यायला अजून तयार नाही.