थेंबभर रक्त आणि संशोधनाची वाट

गेल्या आठवड्यात बारावीतली एक मुलगी वडिलांबरोबर दवाखान्यात आली. औषधासाठी नव्हे, सल्ला विचारायला. "डॉक्टर, मला गणित आवडतं, पण काम आजारी माणसांसाठी करायचंय. काय शिकू?" वडिलांचा आग्रह अर्थातच मेडिकलचा. मी दोघांना माझाच एक जुना अनुभव सांगितला.

तालुक्याच्या गावी असताना माझ्याकडे एक गरोदर बाई पांढरीफटक होऊन आली. रक्त काढले, पण भारनियमनामुळे वीज नव्हती. सेंट्रिफ्यूज, म्हणजे रक्त गरगर फिरवून पेशी व रक्तद्रव वेगळे करणारे यंत्र, बंद. केवळ अंदाजाने तिला जिल्ह्याला पाठवले. ती वाचली, पण तो 'अंदाज' मला अजून टोचतो.

या अडचणीवर उपाय काढणारे मनू प्रकाश हे डॉक्टर नव्हेत. मेरठला जन्मलेले हे गृहस्थ कानपूर आय.आय.टी.तून संगणकशास्त्राचे पदवीधर झाले. पुढे अमेरिकेत एम.आय.टी.त पीएच.डी. करताना ते मायक्रोफ्लुइडिक्सकडे वळले. केसासारख्या बारीक वाटांतून द्रव खेळवण्याचे हे शास्त्र. अशा वाटेत द्रव भोवरे न घेता शांत वाहतो, त्यामुळे थेंबभर रक्तातही तपासणी साधते. मधुमेहींची साखर तपासण्याची पट्टी थेंब आपोआप आत ओढून घेते, ते याचेच सोपे रूप.

स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवू लागल्यावर त्यांनी युगांडातील एका दवाखान्यात सेंट्रिफ्यूज दाराला टेकू म्हणून लावलेले पाहिले. वीज नव्हती! २०१७ साली त्यांच्या गटाने कागद व दोरा यांचे, हाताने फिरवायचे यंत्र मांडले. बटणात दोरा ओवून आपण भिंगरी फिरवायचो, तेच तत्त्व. वेग मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत, खर्च अवघा २० सेंट, आणि दीड मिनिटात रक्तद्रव वेगळा.

या वाटेने जायचे तर गणित व भौतिकशास्त्र पक्के हवे, आणि जीवशास्त्रही सोडू नये. इंजिनिअरिंगच्या पदवीनंतर गेट परीक्षा देऊन जैववैद्यकीय अभियांत्रिकीत एम.टेक. करता येते. मुंबईच्या आय.आय.टी.त या विषयाला एम.बी.बी.एस. झालेल्यांनाही वाव आहे. पुढे पीएच.डी.ला पाचेक वर्षे जातात. विद्यावेतन मिळते, पण तोवर बरोबरीचे मित्र चांगले कमावते झालेले असतात. बारीक नळीत एक बुडबुडा अडकला, तरी दिवसभराचा प्रयोग फसतो. घरच्यांनी एवढा धीर धरायची तयारी ठेवावी.

वडील बराच वेळ गप्प होते. मुलीला मी शनिवारी आमच्या प्रयोगशाळेत बोलावले आहे. वीज गेली की काय काय अडते, ते तिने वहीत लिहून काढायचे. संशोधनाचा विषय पुस्तकापेक्षा अशा अडलेल्या कामातच लवकर सापडतो.